थ्रेड : एकच अक्ष, दोन स्मारके. केन्झो तांगे, १९४२ आणि १९४९

हिरोशिमाच्या शांतता उद्यानात दक्षिणेकडून शिरले, की खांबांवर उचललेल्या संग्रहालयाच्या खालून नजर सरळ उत्तरेकडे धावते. आधी दिसते ती खोगिराच्या आकाराची काँक्रीटची कमान आणि त्या कमानीच्या चौकटीत, नदीपलीकडे, अणुबॉम्बने पोखरलेल्या घुमटाचा सांगाडा. दर ६ ऑगस्टला जगभर फिरणारे छायाचित्र ते हेच. ही रेषा आखणाऱ्या केन्झो तांगे यांना ‘शांततेचा वास्तुकार’ म्हणण्याचा प्रघात आहे. प्रघात सोयीचा आहे; पुरेसा मात्र नाही.

तांगे यांचा जन्म १९१३ चा, ओसाकाचा. बालपण चीनमधील हानकौ आणि शांघाय येथे गेले, पुढे शिकोकू बेटावरच्या इमाबारी या गावी. उच्च शिक्षणासाठी ते हिरोशिमात आले आणि तेथेच एका परदेशी नियतकालिकात त्यांना ल कॉर्ब्युझिए यांचा सोव्हिएत प्रासादाचा आराखडा दिसला. वास्तुकला हेच क्षेत्र निवडायचे, हे त्या पानांनी ठरवले. १९३८ मध्ये तोक्योच्या विद्यापीठातून पदवी मिळवून ते कुनिओ माएकावा यांच्या कार्यालयात रुजू झाले. माएकावा स्वतः पॅरिसमध्ये कॉर्ब्युझिएंच्या हाताखाली काम करून आलेले.

बहुतेक संक्षिप्त चरित्रे येथून थेट १९४९ वर उडी मारतात. खरा प्रश्न या वगळलेल्या अकरा वर्षांत आहे.

१९४२ मध्ये जपानी सैन्य सिंगापूर, ब्रह्मदेश, जावा असे प्रदेश व्यापत असताना ‘बृहत् पूर्व आशिया’च्या उभारणीचे स्मारक कसे असावे, यासाठी स्पर्धा घेण्यात आली. पहिले पारितोषिक तिशीही न गाठलेल्या तांगेंना मिळाले. फुजी पर्वताच्या पायथ्याशी एक विशाल पवित्र प्रांगण, त्यात इसे येथील शिंतो मंदिराच्या छपराची आठवण देणारी भव्य वास्तू, रोममधील मायकेलँजेलोच्या चौकाचा संस्कार आणि राजधानी तोक्योशी जोडणारा महामार्ग, अशी ती कल्पना होती. त्याच वर्षी एका वास्तुनियतकालिकाच्या प्रश्नावलीला उत्तर देताना, पाश्चात्त्य संस्कृतीइतकेच आग्नेय आशियातील लोकांच्या मूळ संस्कृतीकडेही दुर्लक्ष करावे आणि जपानी परंपरेवरील अढळ विश्वासातून आरंभ करावा, अशा आशयाचे मत त्यांनी मांडले. पुढच्याच वर्षी बँकॉकमधील जपानी सांस्कृतिक केंद्राच्या स्पर्धेतही त्यांनी बाजी मारली. यातले काहीच बांधले गेले नाही.

‘काहीच बांधले गेले नाही’ हे वाक्य तांगेंच्या बचावासाठी वारंवार पुढे केले जाते. युद्धकाळात पोलाद नव्हते, सिमेंट नव्हते, तरुण वास्तुकारांना कागदाखेरीज दुसरे मैदान नव्हते, हे खरेच. परंतु कागदावर हात बसतो. अक्ष कसा ओढावा, रिकाम्या प्रांगणात हजारोंचा जमाव कसा उभा करावा, त्या जमावाची दृष्टी दूरच्या एका बिंदूवर कशी खिळवावी, हे तांगेंनी १९४२ च्या त्या कागदावर आधीच घोटून घेतले होते.

ऑगस्ट १९४५ मध्ये इमाबारीवरील हवाई हल्ल्यात त्यांच्या आईचा मृत्यू झाला. त्याच सुमारास, समुद्रापलीकडे, त्यांच्या विद्यार्थिदशेचे शहर नाहीसे झाले. या दुःखाच्या खरेपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

१९४९ च्या उद्यान स्पर्धेत १४५ प्रवेशिका आल्या आणि पहिला क्रमांक तांगे व त्यांच्या सहकाऱ्यांचा आला. पुन्हा अक्ष, पुन्हा प्रांगण, पुन्हा दूरचा बिंदू. दोन्ही आराखड्यांतील साम्य अभ्यासकांनी दाखवून दिलेले आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्यावरून ‘साम्राज्यवादी आराखड्यालाच शांततेचे लेबल चिकटवले’ असा निष्कर्ष काढणे, हाही तितकाच आळस होय. कारण या वेळी रेषेच्या टोकाशी पर्वत नव्हता, मंदिर नव्हते. यान लेत्सेल या चेक वास्तुकाराने १९१५ मध्ये उभारलेल्या प्रदर्शनगृहाचे भग्नावशेष होते. तो घुमट राखावा की पाडावा, याचा निकाल तेव्हा लागलेला नव्हता. जतन करण्याचा ठराव महानगर परिषदेने थेट १९६६ मध्ये केला. आठवणही नको, असे अनेक हिरोशिमावासीयांना वाटत असताना तांगेंनी संपूर्ण उद्यानाचे तोंड त्या अवशेषाकडे वळवले. या निर्णयाचे श्रेय त्यांना निःसंकोच दिले पाहिजे.

उणीव आहे ती अन्यत्र. कमानीचे काम आधी शिल्पकार इसामू नोगुची यांच्याकडे होते. तांगेंना त्यांचा आराखडा हवा होता. पण तो नाकारला गेला, नोगुची अमेरिकी नागरिक होते हे त्यामागचे मोठे कारण. (त्यांचे वडील योने नोगुची म्हणजे १९३८ मध्ये चीनवरील जपानी आक्रमणाचे समर्थन करीत रवींद्रनाथांशी जाहीर पत्रवाद घालणारे तेच कवी. इतिहास कधी कधी एकाच घराला फार काम देतो.) अखेर घाईघाईने तांगेंनीच कमान रचली, प्राचीन थडग्यांवरील मातीच्या घरांच्या आकारावरून. १९५२ मध्ये तिचे अनावरण झाले. तिच्याखालील शिलालेख मृतांना विसावा घ्यायला सांगतो आणि ती चूक पुन्हा होणार नाही, अशी ग्वाही देतो. जपानी वाक्यात कर्ता नाही. चूक कोणाची?

हा प्रश्न त्याच वर्षी हिरोशिमात आलेल्या न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी संतापून विचारला. बॉम्ब जपान्यांनी टाकला नव्हता, हा त्यांचा मुद्दा. मुद्दा रास्त होता, पण त्यांनी कर्ता एकाच दिशेला शोधला. चिनी, फिलिपिनो वा कोरियन माणूस त्या शिळेपुढे उभा राहिला, तर त्याचा प्रश्न निराळा असेल. तांगेंच्या अक्षावर या दुसऱ्या प्रश्नाला जागाच नाही. तेथे मृत आहेत, जिवंत आहेत आणि मध्ये निर्मळ हिरवळ आहे, १९४२ नाही. आराखडा आखणाऱ्याला मात्र ते वर्ष इतर कोणाहूनही अधिक जवळून ठाऊक होते.

पुढची कारकीर्द उज्ज्वल आहेच: १९६४ च्या ऑलिंपिकसाठीची योयोगी क्रीडागृहे, तोक्यो उपसागरावर शहर वसवण्याची १९६० ची कल्पना, भूकंपाने उद्ध्वस्त झालेल्या स्कोप्येची पुनर्रचना, १९८७ चे प्रिट्झकर पारितोषिक. त्यावर स्वतंत्र थ्रेड होऊ शकेल. २००५ मध्ये तांगे वारले. पुढच्याच वर्षी हिरोशिमाच्या संग्रहालयाला महत्त्वाच्या सांस्कृतिक वारशाचा दर्जा मिळाला.

बॉम्बने मारलेल्यांत हजारो कोरियन होते. त्यांतील अनेकांना जपानी साम्राज्याने सक्तीने कामावर आणले होते. त्यांचे स्मारक १९७० मध्ये उभे राहिले, ते उद्यानाबाहेर, नदीच्या पलीकडच्या काठावर. उद्यानाच्या हद्दीत ते हलवले गेले १९९९ मध्ये. आजही ते अक्षापासून दूर, पश्चिमेच्या बाजूला, झाडांत आहे. कमानीतून पाहताना ते दिसत नाही.