चोपन्न तास कोण देणार?

लकव्याला आपल्याकडे ‘अंगावरून वारं गेलं’ असंही म्हणतात. वारं आलं, गेलं, आता कोण काय करणार, असा हात टेकल्याचा सूर त्या बोलण्यात आहे. आठ-पंधरा दिवस दवाखाना होतो, सलाईन लागतात, जीव वाचतो. मग माणूस घरी येतं आणि बाजेवर पडतं. तिथून पुढं त्याच्या पायाचं काय झालं, हे सहसा कुणी विचारत नाही. या अंकात मला तेच विचारायचं आहे, आणि बाजेवर बाई असेल तर जास्तच जोरानं विचारायचं आहे.

लकवा हा शहरातल्या, बसून खाणाऱ्या लोकांचा आजार आहे, ही समजूत आधी काढून टाकू या. गडचिरोलीतल्या ८६ गावांमधल्या मृत्यूंची पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. तिथं मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण लकवा निघालं. दर सात मृत्यूंमागे एक. ही माणसं काही गाद्यागिरद्यांवर बसणारी नव्हती.

आपल्या बीडची गोष्ट आणखी वेगळी आहे. ऊसतोड करणाऱ्या बायकांची गर्भाशयं काढली जातात, हे २०१९ साली सगळ्या देशानं वाचलं. सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. त्यातल्या कितीतरी चाळिशीच्या आतल्या. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले की पाळी जाण्याचं वय एकदम अलीकडे येतं, आणि तरुणपणी असं झालं की पुढं हृदयाच्या आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका वाढतो. या सगळ्यांना लकवा होईल असं मुळीच नाही. पण ज्या बाईचा रक्तदाब वर्षानुवर्षं कुणी मोजलेला नाही, जी दिवाळीपासून चार-सहा महिने फडावर असते, जिला एक दिवसाचा खाडाही परवडत नाही, तिच्यावर आपण किती धोके एकावर एक रचले आहेत ते बघा.

आता पायाकडे येऊ. लकव्यात पायाचे स्नायू मेलेले नसतात. त्यांना हुकूम देणारा मेंदूचा भाग दुखावलेला असतो. पण मेंदूत शिकण्याची ताकद असते. एखादी हालचाल पुन्हा पुन्हा, अर्थपूर्ण रीतीनं केली की मेंदूचे शाबूत भाग ते काम हळूहळू उचलू लागतात. म्हणून उपचार म्हणजे सराव. बसल्याचं उभं राहणं, लुळ्या पायावर भार देणं, तोल सावरणं, पाऊल उचलणं, चालणं. दहा वेळा नव्हे, शेकडो वेळा. तेल चोळल्यानं अंगाला बरं वाटतं, पण तेल चालायला शिकवत नाही. कबुतराच्या रक्ताचं मालिश तर फक्त कबुतराचा जीव घेतं आणि घरातले पैसे. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगानं होते आणि नेमका तोच काळ आपल्याकडे मालिशीत आणि नवसात जातो.

‘कसून सराव’ म्हणजे किती, याचं उत्तर आहे. अमेरिकेत लकव्याच्या ४०८ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २०११ साली तो प्रसिद्ध झाला. काहींना पट्ट्यानं टांगून यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर चालवलं. बाकीच्यांना फिजिओथेरपिस्टनं घरी जाऊन साधे व्यायाम करून घेतले: ताकदीचे आणि तोलाचे. दोन्हीकडे ठरलेली बैठक दीड तासाची, आणि अशा ३६ बैठका तीन-चार महिन्यांत. वर्षाअखेर निम्म्याहून थोड्या जास्त रुग्णांच्या चालण्यात खरी सुधारणा झाली होती, आणि लाखमोलाचं यंत्र घरच्या व्यायामाच्या पुढं गेलं नाही. ज्यांचा यंत्रावरचा सराव लकव्यानंतर सहा महिन्यांनी सुरू झाला, तेही वर्षाअखेर इतरांच्या बरोबरीला आले.

बीडसाठी याचा अर्थ फार सोपा आहे. यंत्र नाही म्हणून अडत नाही. अडतं ते माणसापाशी. छत्तीस बैठका, दीड-दीड तास. एकूण ५४ तास. शिकलेलं, येणारं, धीर देणारं माणूस एका पायासाठी ५४ तास हवं.

हे तास कोण देणार? आपली व्यवस्था म्हणते, घरचे देतील. दवाखान्यातून निघताना कागदावर दोन व्यायाम काढून देतात आणि सांगतात, ‘घरी करून घ्या.’ घरचे म्हणजे कोण, हे सांगायची गरज आहे का? बायको, सून, मुलगी. ज्यांचे तास आधीच पाणी, चूल, गुरं आणि मजुरीनं भरलेले आहेत, त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम, आणि तेही बिनपगारी, न शिकवलेलं.

याचंही उत्तर मिळालेलं आहे, आणि ते आपल्याच देशात. भारतातल्या १४ रुग्णालयांमध्ये १,२५० रुग्णांवर झालेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना नेहमीचे उपचार, आणि निम्म्यांना त्याच्या जोडीला घरातल्या एका माणसाला व्यायाम शिकवून घरी पाठवलं. सहा महिन्यांनी मोजलं तेव्हा दोन्ही गटांत मरण पावलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण सारखेच होते, ४७ टक्के. म्हणजे घरच्यांनी काही करू नये असं नाही. पण सरकारची जबाबदारी घरातल्या बाईच्या खांद्यावर सरकवून पाय बरा होत नाही, हे आता मोजून सिद्ध झालं आहे. ‘घरचे करतील’ या वाक्याला यापुढं आपण मान डोलावू नये.

माझ्या पाहण्यातली दोन घरं सांगते. गावं सांगत नाही. पहिल्या घरात नवऱ्याला लकवा झाला. बायको त्या वर्षी तोडीला गेली नाही. मुकादमाची उचल अंगावर राहिली. तिनं त्याला रोज भिंतीला धरून उभं केलं, ओट्यावर चालवलं. पुढच्या दसऱ्याला तो काठी घेऊन पारावर येऊन बसू लागला. गाव म्हणालं, दैव चांगलं. तिच्या कंबरेचं काय झालं, ते गावानं पाहिलं नाही. दुसऱ्या घरात बायकोला लकवा झाला. कोयता म्हणजे जोडी. एक हात गेला की जोडी मोडते. नवऱ्यानं भावजयीबरोबर जोडी लावली आणि फडावर गेला. बाईला माहेरी पोचवलं, म्हाताऱ्या आईच्या गळ्यात. थोरल्या मुलीची शाळा सुटली. बाई आजही बाजेवर आहे. दोघांच्या पायात सुरुवातीला फरक नव्हता. फरक मिळालेल्या तासांत होता.

बाईपर्यंत उपचार पोचले तरी आणखी अडचणी असतात. गुडघा कसा वळतो, पाऊल कसं पडतं हे दिसल्याशिवाय शिकवता येत नाही, आणि नऊवारीतली बाई परक्या पुरुषासमोर पाय उघडा करत नाही. आडोसा नाही, स्त्री कर्मचारी नाही, म्हणून ती दुसऱ्यांदा जातच नाही. मग कागदावर लिहितात, ‘रुग्ण सहकार्य करत नाही.’ मोकळा पायजमा आणि एक पडदा, एवढ्यावर पुष्कळ काम होण्यासारखं आहे. तसंच चालण्याचं. ‘काठी घेऊन दारापर्यंत चालते’ एवढ्यावर बाईचं भागत नाही. तिला शौचाला उकिडवं बसून उठायचं असतं, उंबरा ओलांडायचा असतं, एसटीची उंच पायरी चढायची असते. २०२३ पासून बायकांना एसटीत निम्मं तिकीट आहे, पण पायरीवर पाय चढला तरच त्याचा उपयोग. सराव तिच्या आयुष्यातल्या हालचालींचा हवा.

गटातल्या कार्यकर्तींनी काही गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, जीभ जड होणं दिसलं की देवऋषी नको, घरगुती काढा नको, सरळ मोठा दवाखाना. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं औषध साडेचार तासांच्या आतच देता येतं. पहिल्या चोवीस तासांत जबरदस्तीनं उठवून फार वेळ चालवू नका. तसं केल्यानं नुकसान होतं, असं दोन हजारांहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात २०१५ साली दिसलं. डॉक्टर सांगतील तेव्हा थोडं थोडं सुरू करा, मग वाढवत न्या. उठण्या-बसण्याचा सराव झोळ आलेल्या बाजेवरून नको. हातांची, न हलणारी खुर्ची भिंतीला टेकवून घ्या. लुळा हात धरून कधी ओढू नका, खांदा जातो. पाऊल लोंबत असेल तर त्याला आधार देणारा पट्टा मिळतो, त्याची चौकशी करा. आणि बाई रडत असेल, बोलत नसेल, तर तिला आळशी म्हणू नका. लकव्यानंतर मन खचणं हाही आजाराचाच भाग आहे.

पण एवढ्यावर आपण थांबलो तर तेही काम पुन्हा बायकांवरच टाकल्यासारखं होईल. म्हणून मागण्या. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, बीडला जिल्हा रुग्णालय आहे. पण आष्टी-पाटोद्याच्या बाईला अंबाजोगाई म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. छत्तीस वेळा कोण जाणार? अकराही तालुक्यांच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट हवा, आठवड्यातले काही दिवस स्त्री कर्मचारी हवी, आणि गावात घरी जाऊन व्यायाम करून घेणारी शिकवलेली, पगारी व्यक्ती हवी. आशाताईंवर आणखी एक बिनमोलाचं काम टाकून हे भागवू नये. वृद्धांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात घरी जाणाऱ्या पुनर्वसन कार्यकर्त्याची तरतूद कागदावर आहे. पण ती साठीच्या पुढच्यांसाठी, आणि आपल्या बायका चाळिशी-पन्नाशीतच बाजेवर येतात. फुले जनआरोग्य योजनेचा भर दवाखान्यात दाखल असेपर्यंतच्या उपचारांवर आहे. पायाचं खरं काम तर घरी आल्यावर सुरू होतं. त्या ५४ तासांना योजनेत जागा मिळाली पाहिजे.

हे भीक मागणं नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं सत्ताविसावं कलम सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर पुनर्वसनाच्या सेवा देण्याची जबाबदारी टाकतं. आर्थिक कुवतीच्या मर्यादेत, अशी पळवाट त्यात आहे हे खरं. पण कुवत कशासाठी आहे आणि कशासाठी नाही, हे विचारायचा हक्क आपल्यालाही आहे. ज्या बाईनं वर्षानुवर्षं ऊस तोडून कारखान्यांची धुराडी पेटती ठेवली, तिच्या पायासाठी ५४ तास नाहीत, असं कुठल्या तोंडानं सांगणार?

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एक काम करा. आपापल्या गावात लकवा झालेली माणसं किती, ते मोजा. बायका किती, पुरुष किती. त्यातलं कोण चालतं, कोण बाजेवर आहे. शिकलेल्या माणसानं व्यायाम करून घेतला तो किती वेळा. घरातल्या कुणी काम किंवा शाळा सोडली. चार ओळी असल्या तरी चालतील, पण मोजून लिहा आणि आम्हाला पाठवा. अकरा तालुक्यांचे हे आकडे एकत्र करून आपण जिल्हा परिषदेच्या दारात जाऊ. ज्यांना चालता येत नाही, त्यांनाही बरोबर घेऊन जाऊ.