पंधरा तासांचा हिशेब

२०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस, एका सोमवारी पहाटे सहाच्या सुमारास, नांदगाव खंडेश्वर येथील माझ्या एका कापड-व्यापारी स्नेह्यांच्या मातोश्री निवर्तल्या. धाकटे बंधू न्यू जर्सीत. घरातल्या तरुणाने मोबाईलवर पाहून सांगितले, "न्यूयॉर्क ते मुंबई पंधरा तास. काका रात्रीपर्यंत येतील." अंत्ययात्रा थांबवण्याचे ठरू लागले. आयुष्यभर बँकेत व्याजाचे दिवस मोजलेल्या मला तो आकडा खटकला. दुकानातल्या जुन्या बिलाच्या पाठीवर मी हिशेब मांडला.

पंधरा तास खोटे नव्हते. या दोन विमानतळांमधील हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा. तो भूमध्य समुद्रावरून न जाता रशिया, फिनलंडवरून आइसलँडच्या जवळून जातो. सपाट नकाशा इथे फसवतो. विमाने युद्धे व बंद आकाश टाळून वळसा घेतात, म्हणून प्रत्यक्ष अंतर वाढते. उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे इकडे येताना तिकडे जाण्यापेक्षा वेळ कमी लागतो.

परंतु हा आकडा धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचा. घराच्या उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंतचा नव्हे.

आपल्याकडे सकाळचे सहा, तेव्हा तिकडे रविवारची रात्र, साडेआठ. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक. थेट विमानाचे तिकीट मिळाले ते तिथल्या सोमवारी दुपारी बाराचे, म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. इथेच साडेपंधरा तास खर्ची पडले, आणि विमान अजून जमिनीवरच! मुंबई मंगळवारी दुपारी साडेबाराला. पारपत्र-तपासणी व सामान यांत दोन वाजणार. बेलोऱ्याचा विमानतळ १६ एप्रिलला सुरू झाला होता. मुंबईचे सुमारे ५४० किलोमीटर पावणेदोन तासांत. पण ते विमान सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी. मंगळवार रिकामा. अमरावती एक्सप्रेस रात्री सुटून सकाळी पोहोचवते. उरले सायंकाळचे नागपूरचे विमान आणि पुढे तीन तासांची मोटार. बेरीज आली रात्रीचे साडेदहा, म्हणजे साडेचाळीस तास.

कागद स्नेह्यांच्या हाती दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. वऱ्हाडातला मे महिना. घरात बर्फाच्या लाद्या मागवण्याची भाषा चाललेली. ते उठले आणि ओसरीवर जाऊन बंधूंना स्वतः फोन लावला. बराच वेळ दोघेही बोलले नाहीत. मग आत येऊन म्हणाले, "तो म्हणतो, आईला थांबवू नका."

दुपारी बाराच्या आत सारे उरकले. बंधूंनी ते मोबाईलच्या पडद्यावर पाहिले.

ते मंगळवारी रात्री अकरा वाजता आले. दुसऱ्या दिवशी मी भेटावयास गेलो, तेव्हा ते बिल त्यांच्या खिशात होते. "भाऊसाहेब, नागपूरहून साडेतीन तास लागले. तुम्ही तीनच धरले होते," एवढेच म्हणाले आणि कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला.