मागच्या पायांचं प्रगतिपुस्तक

सोमवारी तुमचं अप्रेझल, आणि रविवारी रात्री तुमचा डॅशहंड सोफ्यावरून उतरला तो मागचे पाय फरफटतच! लांब पाठीच्या या मंडळींच्या मणक्यातली गादी सरकणं, डॉक्टरांना नेहमीचंच.

अशा चालीलाही मार्क असतात बरं का. २००१ मध्ये अमेरिकेत नताशा ऑल्बी आणि सहकाऱ्यांनी ० ते १४ असं मार्किंग मांडलं. चालण्याचा व्हिडिओ काढायचा आणि पावलं तपासायची. ० म्हणजे ना हालचाल, ना वेदनेची जाणीव. १४ म्हणजे नॉर्मल चाल. वरच्या मार्कांसाठी नुसतं उभं राहून भागत नाही, मागच्या पायांचा पुढच्यांशी ताल जुळावा लागतो.

एक गफलत मात्र टाळा. बोट चिमटल्यावर पाय आखडला, की आपण खूश! पण तो नुसता रिफ्लेक्सही असू शकतो. त्यानं वळून बघितलं, केकाटला, तरच जाणीव शिल्लक आहे असं समजायचं. ती असेल, तर ऑपरेशननंतर पुन्हा चालण्याची आशा बरीच जास्त.

तेव्हा चिमटे डॉक्टरांनाच काढू द्या. तुम्ही मोबाइलवर छोटी क्लिप घ्या, पाठ सरळ ठेवून त्याला उचला आणि निघा. रात्रीच. अप्रेझल काय, पुढच्या वर्षीही येईल!