अंड्याच्या ट्रेनं आवाज थांबत नाही, भाऊ!

दादासाहेब फाळके नाशकात सिनेमे काढायचे, ते मूकपट. साउंडप्रूफिंगची कटकटच नव्हती! तुमचं तसं नाही. कॉलेज रोडला नाहीतर इंदिरानगरात चौघांनी मिळून खोली भाड्यानं घ्यायची, पॉडकास्ट स्टुडिओ किंवा जॅमिंग रूम सुरू करायची, असा बेत तुमच्याही कट्ट्यावर शिजत असेल. मग कोणीतरी म्हणतंच, 'प्रोफेशनल कशाला? अंड्याचे ट्रे आणि फोम आपणच चिकटवू की!'

जरा थांबा. आधी सांगा, तुमचा प्रॉब्लेम नेमका कुठला? आवाज खोलीत घुमतोय, की खोलीबाहेर जातोय? हे दोन वेगळे आजार आहेत, आणि औषधंही वेगळी.

घुमणाऱ्या आवाजासाठी कुणाला बोलवू नका. जाड पडदे, सतरंजी, आजीच्या गोधड्या, पुस्तकांनी भरलेलं कपाट... एवढ्यानंही रेकॉर्डिंग बरंच सुधारतं.

बाहेर जाणारा आवाज मात्र गोधडीला दाद देत नाही. त्याला अडवायला वजन लागतं, आणि फट अजिबात चालत नाही. नऊ इंची विटांची भिंत साधारण 50 डेसिबल आवाज अडवते. तिचा शंभरातला एक भाग जरी उघडा राहिला, तर ती जेमतेम 20 अडवते. म्हणजे भिंतीवर हजारोंचा खर्च केला आणि दाराखाली बोटभर फट ठेवली, तर सगळं मुसळ केरात! रात्री आतला दिवा लावा आणि बाहेर अंधारात उभे राहून बघा. जिथून उजेड येतो, तिथून आवाजही जातो. या फटी रबरी पट्टीनं, सिलिकॉननं तुम्हीच बुजवा.

पण ड्रम्स वाजणार असतील तर? तो दणका फरशीतून थेट खालच्या काकूंच्या हॉलमध्ये उतरतो. त्यासाठी रबरावर उचललेली जमीन लागते, मूळ भिंतीपासून सुटी दुसरी भिंत लागते. शिवाय खोली इतकी बंद केल्यावर हवा कुठून येणार, वायरिंग कसं जाणार, हेही बघावं लागतं. हे व्हिडिओ बघून करायचं काम नाही. आणि काकूंनी तक्रार केली, तर नियम त्यांच्या बाजूनं आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा 55 डेसिबल आणि रात्री 10 ते सकाळी 6 पर्यंत 45.

याहून मोठी भीती आगीची. ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात 27 जानेवारी 2013 ला 'किस' नावाच्या नाइट क्लबमध्ये मंचावरच्या आतषबाजीची ठिणगी छताला लावलेल्या फोमवर पडली. विषारी धूर कोंडला आणि 242 जण गेले. त्यातली बहुतेक तुमच्याच वयाची, कॉलेजची पोरं होती. स्वस्तातला फोम घेताना हा आकडा आठवा.

म्हणून माझं मत सरळ आहे. घुमणं आणि फटी तुम्ही सांभाळा. भिंत, छत, वीज आणि हवा जाणकाराच्या हाती द्या. सगळ्या कामाचे पैसे नसतील, तर निदान एकदा येऊन खोली बघण्याची फी द्या. तीही भाडेकरारावर सही करण्याआधी. तळमजल्यावरची, भिंतीला भिंत नसलेली खोली मिळाली, तर निम्मं काम तिथंच होतं!