बोगनवेलीचं बारसं

द्रुतगती महामार्गाच्या दुभाजकावर राणी, केशरी, पांढऱ्या रंगांत उधळलेली बोगनवेल इतकी आपलीशी झाली आहे की ती परदेशी आहे हे कुणाच्या मनातही येत नाही. तिचं माहेर ब्राझील. फ्रेंच दर्यावर्दी बोगनविल पृथ्वीप्रदक्षिणेला निघाला, तेव्हा त्याच्या ताफ्यात फिलिबेर कोमेरसाँ नावाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. 1767 मध्ये रिओ दि जानेरोत ही वेल गवसली आणि नाव मिळालं कप्तानाचं. (साहेबाला खूश ठेवण्याची रीत जुनीच!) पण कोमेरसाँचा पाय तेव्हा दुखावलेला होता, त्यामुळे झाडोऱ्यात शिरून वेल खुडली ती बहुधा त्याच्या मदतनिसाने, झान बारेने. हा मदतनीस म्हणजे पुरुषवेषातली बाई! फ्रेंच नौदलाच्या जहाजांवर बायकांना मज्जाव होता. पुढे तिचं बिंग फुटलं, तरी पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी पहिली ज्ञात स्त्री तीच ठरली. गंमत म्हणजे बोगनवेलीचा तो भडक रंगही पाकळ्यांचा नसतोच. ती रंगीत पानं असतात, खरं फूल आत चिमुकलं, पांढुरकं. बारेच्या नावाची वनस्पती शास्त्राच्या वहीत चढायला मात्र 2012 साल उजाडावं लागलं, आणि तीही वांग्या-बटाट्याच्या कुळातली.