फरक्क्याचा हिलसा : मोजायचे ते मोजा

पश्चिम बंगालमधील फरक्का बंधाऱ्याच्या वरच्या बाजूस गंगेत हिलसा सोडल्याच्या बातम्या अधूनमधून झळकतात. बादली, मान्यवर, छायाचित्र आणि सोडलेल्या माशांचा आकडा. विज्ञानवाचकाने विचारावा तो आकडा मात्र त्यांत क्वचितच असतो : स्वतःच्या बळावर बंधारा ओलांडून किती मासे वर गेले?

हिलसा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीत शिरतो. 1975 मध्ये फरक्का कार्यान्वित होण्यापूर्वी तो अलाहाबादपर्यंत, कधी त्याच्याही पुढे जात असे. मग सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीचा, 109 दारांचा बंधारा आडवा आला आणि बिहार-उत्तर प्रदेशातील मच्छीमारांच्या जाळ्यांतून हा मासा जवळजवळ नाहीसा झाला. बंधाऱ्याच्या रचनेत माशांसाठी 'फिश लॉक' ठेवले नव्हते असेही नाही. ते होते, हिलशाची वाट तरीही तुटली.

2019 मध्ये नवी योजना जाहीर झाली : नौकानयनाच्या लॉकची दारे विणीच्या हंगामात रात्री 1 ते पहाटे 5 या वेळेत माशांसाठी उघडायची. कल्पना टाकाऊ नाही. पण वाट असणे वेगळे आणि माशाला ती सापडणे वेगळे. मासा प्रवाहाच्या ओढीवरून दिशा धरतो. त्या चिंचोळ्या तोंडाशी पुरेशी ओढ नसेल, तर उघडे दारही त्याच्या लेखी बंदच.

शिवाय वेगाचे गणित आहे. पातळीत एक मीटरचा फरक असेल, तर घर्षण वगळता धार सेकंदाला सुमारे 4.4 मीटर वेगाने येते. फरक 25 सेंटीमीटरवर आणला, तर वेग निम्मा होतो. हिलसा किती वेगाविरुद्ध, किती वेळ पोहू शकतो, हे आराखड्याच्या आधी यायला हवे. उड्या मारत चढणाऱ्या सामनसाठी रचलेल्या पायऱ्या त्याच्यासमोर तशाच मांडणे हे अभियांत्रिकी नव्हे, नक्कल आहे.

वरून मासे सोडण्याचा उपयोग नाकारता येत नाही; खुणेची पट्टी लावलेला मासा पुन्हा सापडला, तर त्याच्या प्रवासाची माहिती मिळते. मात्र त्यालाच 'पुनरुज्जीवन' म्हणणे ही दिशाभूल आहे. विणीच्या हंगामात दारे कोणत्या वेळी, किती उघडली, खालून किती मासे आले, किती पार झाले, याची दैनंदिन नोंद जाहीर व्हावी. आणि वर जन्मलेली पिल्ले समुद्राकडे परतताना त्याच बंधाऱ्यातून किती जिवंत उतरली, तीही.