आचारी, आचार्य आणि मराठीचे विभाग

संगणकावर मराठी बिघडली की ती 'संगणकवाल्यांनी' दुरुस्त करावी, असा एक सोयीस्कर समज मराठीच्या विभागांत रूढ आहे. आमच्या औसा तालुक्यातही तो आहे, विद्यापीठांतही आहे. आम्हांस तो मान्य नाही.

आज्ञावलीत बदल केल्यावर तिचे जुने वागणे टिकले आहे ना, हे यंत्राकडूनच तपासून घेण्याची एक रीत आहे. तिला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात. अमुक शब्द दिला तर तमुक रूप उमटले पाहिजे, अशा जोड्या नोंदवून ठेवायच्या; प्रत्येक बदलानंतर यंत्र त्या साऱ्या पडताळते आणि फरक पडला तेथे बोट ठेवते. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना हे परके वाटू नये. शके 1212 मधील ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ एकनाथांनी शके 1506 मध्ये दूर केले. जवळपास तीन शतकांचा मळ एकदम. येथे ती ताडणी प्रत्येक बदलागणिक होते.

मेख एवढीच, की यंत्राला 'पूर्वीसारखे' कळते, 'बरोबर' कळत नाही. क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉइड यांत देवनागरी जोडाक्षरे जुळवणाऱ्या हार्फबझची 2012 च्या सुमारास चाचणी झाली ती विकिपीडियातील शब्द घेऊन, आणि ताडून पाहिले ते मायक्रोसॉफ्टच्या युनिस्क्राइबशी. म्हणजे प्रमाण पाठ मायक्रोसॉफ्टचा! त्या कर्त्यांना दोष कसा द्यावा? दुसरी प्रत आम्ही मराठीच्या लोकांनी त्यांच्यापुढे ठेवली होती काय?

'आचाऱ्यांना' हा शब्द घ्या. त्यातील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: 'ऱ'चा पाय मोडून, किंवा साध्या 'र्'पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. मजकूर 'साफ' करताना एखाद्या प्रोग्रामरने ते चिन्ह कचरा समजून गाळले, की आचाऱ्यांना द्यावयाचा शिधा आचार्यांना पोचतो. (आचार्यांची तक्रार नसेल.) डोंगरातल्या दऱ्या दर्या होतात. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली यावर गप्पच राहते, कारण दोन्ही रूपे तिच्या लेखी शुद्ध! 'ॲ'चेही तेच: 2008 च्या युनिकोड 5.1 मध्ये त्याला स्वतंत्र संकेतांक मिळाला, पण त्याआधीच्या मजकुरात तो 'अ' आणि चंद्र असा जोडून लिहिलेला आहे. दोन्ही एकच मानण्याची सोय शोधयंत्रणेत नसेल, तर विद्यार्थ्याला निम्मा ॲरिस्टॉटल सापडत नाही.

या जोड्या परदेशातील प्रोग्रामरला कोठून सुचाव्यात? आम्ही त्या व्याकरणाच्या तासाला फळ्यावर लिहितो. 3 ऑक्टोबर 2024 रोजी अभिजात दर्जा जाहीर झाल्यावर सत्कार झाले, व्याख्याने झाली. अशा दोनशे शब्दांची, प्रत्येकापुढे अपेक्षित रूप लिहिलेली यादी मात्र कोणा विभागाने केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. 'आम्हांला प्रोग्रामिंग येत नाही' ही सबब ऐकू येते. यादीला प्रोग्रामिंग लागत नाही, व्याकरण लागते. आणि हार्फबझसारख्या खुल्या प्रकल्पाकडे ती कोणालाही पाठवता येते. एका सत्राचे काम आहे, प्रकल्पलेखनाच्या गुणांत बसणारे.